केसांत लपवलेलं बियाणं

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये नदीकाठच्या जंगलात ‘मरून’ नावाच्या लोकांची गावं आहेत. मळ्यांवरून पळून जाऊन स्वतंत्र राहिलेल्या आफ्रिकी गुलामांचे हे वंशज. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. पळून जायच्या आधी बायकांनी घट्ट वेण्या घातल्या आणि पेडापेडांत साळीचे दाणे खोचले. जंगलात पोचल्यावर वेण्या सोडल्या, दाणे झटकून घेतले आणि पेरले. सारामाका या मरून जमातीत अशा बाईचं नाव पांझा असं सांगतात. दुसऱ्या मरून जमातींत सापाली हे नाव येतं. या दोघींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाताच्या जाती मरून बायका आजही पेरतात.

अशा गोष्टी पुरावा म्हणून फार काळ धरल्याच गेल्या नाहीत. कारण उघड आहे: लिहायचा हक्क मळेवाल्यांकडे होता. त्यांच्या वह्यांत साखर किती झाली, माणूस कितीला घेतला, कोण मेला, हे सगळं आहे. पण त्या माणसाला शेतीतलं काय कळत होतं, हे लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

सुरिनाम १६६७ मध्ये डचांच्या हाती आला. ऊस आणि कॉफीच्या मळ्यांसाठी पुढच्या काळात दोन लाखांहून जास्त आफ्रिकी माणसं तिथे आणली गेली. १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा मळ्यांवर उरले होते साधारण ३५ हजार. त्या मळ्यांवर माणसाचं आयुष्य किती होतं, ते या दोन आकड्यांवरून समजावं. जे निसटले त्यांनी जंगलातून लढा दिला आणि डचांना तह करायला लावले. न्दयुका या मरून जमातीशी १७६० मध्ये तह झाला, सारामाकांशी १७६२ मध्ये. म्हणजे कायद्याच्या शंभर वर्षं आधीच हे लोक आपल्या बळावर मोकळे झाले होते.

जंगलात टिकायचं तर पोटाला धान्य हवं, आणि इथे भाताची गोष्ट सुरू होते.

जगात लागवडीखालचा भात दोन प्रजातींचा आहे. आपण खातो तो आशियाई. दुसरा पश्चिम आफ्रिकेतला. नायजर नदीच्या परिसरात तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी रानटी भातापासून तो स्वतंत्रपणे घडवला. जाणकार माणूस शेतात उभा राहूनही दोन्ही ओळखू शकतो. पान खोडाला जिथे बिलगतं तिथे एक पातळ पापुद्रा असतो. आशियाई भातात तो लांब आणि टोकदार, आफ्रिकी भातात आखूड आणि गोलसर. आफ्रिकी भाताची लोंबी ताठ उभी राहते, तूस बऱ्याचदा काळपट असतं आणि आतला दाणा तांबूस. तणाला तो दाद देत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण दाणे लवकर झडतात, उतारा कमी पडतो आणि गिरणीत तांदळाची कणी होते. उखळात मुसळाने कांडला तरच तो नीट निघतो.

अमेरिका खंडात भातशेती रुजवण्यात आफ्रिकी लोकांच्या ज्ञानाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत जोरदार वाद झाले. भूगोलतज्ज्ञ ज्युडिथ कार्नी यांनी तो वाटा फार मोठा होता असं मांडलं. जहाजांच्या नोंदी तपासणाऱ्या काही इतिहासकारांना ते पटलं नाही. अडचण अशी की उत्तर अमेरिकेतल्या कॅरोलायनात प्रसिद्ध झालेला भात आशियाई प्रजातीचा होता. आफ्रिकी भाताचं जितंजागतं रोप दाखवता येत नव्हतं.

डच वनस्पतिशास्त्रज्ञ टिंडे फान आंडेल यांना ते सुरिनामची राजधानी पारामारिबोच्या बाजारात मिळालं. मरून लोक तिथे पूर्वजांच्या पूजेसाठी लागणाऱ्या वस्तू विकतात, त्यांत काळा भातही असतो. तूस काढलेलं नसल्यामुळे तो पेरल्यावर उगवला. त्या रोपांच्या संपूर्ण जनुकसंचाचं वाचन करून पश्चिम आफ्रिकेतून गोळा केलेल्या आफ्रिकी भाताच्या १०९ नमुन्यांशी त्याची तुलना झाली. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पद्धत समजायला सोपी आहे. डीएनएच्या लांबलचक मजकुरात काही जागी एका वाणात एक अक्षर असतं, दुसऱ्यात वेगळं. अशा १६ लाखांहून अधिक जागा ताडून पाहिल्या. ज्यांच्यात फरक सगळ्यांत कमी, ते एकमेकांचे जवळचे नातेवाईक. सुरिनामच्या भाताचा सर्वांत जवळचा सोयरा निघाला आयव्हरी कोस्टमधला एक पारंपरिक वाण.

मला इथली विसंगती सर्वांत मोलाची वाटते. डचांनी सुरिनामला नेलेली बहुतेक माणसं आयव्हरी कोस्टची नव्हतीच. ती घाना, बेनिन आणि मध्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आली होती. मग भात तिथला कसा? गुलामांची जहाजं किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना वाटेत शिधा विकत घेत आणि कप्तानांच्या रोजनिशींत तशा नोंदी आहेत. असा घेतलेला भात तुसासकट असेल तर त्यातले काही दाणे पलीकडच्या किनाऱ्यावर मातीत पडू शकतात. संशोधकांनी हे एक संभाव्य उत्तर म्हणूनच मांडलं आहे. केसांतल्या दाण्यांची गोष्ट डीएनए सिद्ध करू शकत नाही आणि खोटीही ठरवत नाही. तो एवढंच ठामपणे सांगतो की भात आफ्रिकेतून आला आणि ज्यांनी तो जगवला त्यांना भात कळत होता.

म्हणजे पूर्वजांना वाहिला जाणारा हा भात बहुतेकांच्या खऱ्या पूर्वजांच्या गावचा नसावा. म्हणून तो त्यांचा वारसा नाही, असं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटतं. गुलामगिरीने माणसांना गाव, नातं, भाषा, सगळ्यांपासून तोडलं. वेगवेगळ्या मुलखांतली, एकमेकांची बोली न कळणारी माणसं एका जहाजात कोंबली गेली. त्यांनी हाती लागेल त्यातून नवा समाज उभा केला. सारामाका भाषेत पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्दांच्या जोडीला फोन आणि किकोंगो या आफ्रिकी भाषांचे शब्द आहेत. कुळ आईकडून चालतं. आफ्रिकेतल्या कुठल्याही एका गावी हे सगळं जसंच्या तसं सापडणार नाही, कारण ते सुरिनामच्या जंगलात घडलं आहे. अटलांटिकपलीकडच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची ओळख शोधताना ‘मूळ गाव कोणतं’ एवढ्याच प्रश्नाशी थांबलं तर त्यांची स्वतःची निर्मिती नजरेआड होते.

त्या जनुकवाचनात आणखी एक गोष्ट दिसली. या भातात आशियाई भाताची भेसळ सापडली नाही. सुरिनाममध्ये आशियाई भात काही कमी नाही. ५ जून १८७३ रोजी ‘लल्ला रूख’ जहाजातून हिंदुस्थानी गिरमिटिये उतरले, पुढे जावाचे मजूर आले आणि किनाऱ्यालगत भातशेती वाढली. मरून लोकही रोजच्या जेवणासाठी आशियाई वाण पिकवतात. भात स्वतःच्याच परागांवर धरतो आणि दोन प्रजातींचा संकर सहसा वांझ निघतो, हे खरं. तरी बियाणं एकदा मिसळलं की वाण हरवतोच. झडणारा, कमी पिकणारा, गिरणीत मोडणारा हा भात नुसता पोटासाठी असता तर केव्हाच मागे पडला असता. पूर्वजांना तो लागतो, म्हणून तो निराळा राखला गेला. भातशेती तिथे मुख्यतः बायकांची. छोट्या सुरीने त्या एकेक लोंबी कापून घेतात, त्यामुळे प्रत्येक लोंबी डोळ्यांखालून जाते आणि पुढच्या पेरणीचं बियाणं तिथेच वेगळं काढता येतं.