गुडघ्यापाशी मांडीच्या हाडाचं रोटेशन मोजणं

गुडघा बदलायच्या ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाच्या, म्हणजे फीमरच्या, खालच्या टोकावर धातूचा भाग बसवतात, तो आत वळलाय की बाहेर आणि किती डिग्री, हे बघणं म्हणजे हे मोजमाप. समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेत पाय अगदी सरळ दिसतो, पण हे वळण त्यात नीट कळत नाही, म्हणून सीटी स्कॅनचे आडवे काप बघतात.

कापात हाडाला मागे दोन गोल फुगवटे दिसतात, ते कॉन्डाइल, आणि दोघांना मागून टेकेल अशी रेघ काढणं सगळ्यात सोपं. दुसरी रेघ बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यापासून आतल्या बाजूच्या खळग्यापर्यंत जाते, ती सर्जिकल एपिकॉन्डायलर अक्ष, आणि गुडघा साधारण याच अक्षाभोवती वाकतो असं धरतात. तिसरी व्हाइटसाइडची रेघ, वाटी जिथे सरकते त्या खाचेच्या तळातून मागे जाणारी, दुसरीला जवळपास काटकोनात. धातूचा भाग पहिल्या रेघेपासून ३ डिग्री बाहेर वळवून बसवायचा, हा नेहमीचा हिशोब, कारण नडगीचं हाड वर साधारण ३ डिग्री आत कललेलं असतं आणि आपण ते सरळ कापतो.

पण हे ३ सगळ्यांना लागू नाही! बर्गर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली मोजलं तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या रेघेमधला कोन बायकांमध्ये सरासरी ०.३ आणि पुरुषांमध्ये ३.५ डिग्री आला. शिवाय गुडघे एकमेकांना घासतात अशा पायात बाहेरचा कॉन्डाइल मागून बऱ्याचदा लहान किंवा झिजलेला असतो, मग पहिली रेघ स्वतःच आत वळते आणि तिच्यावर डोळे झाकून ३ डिग्री दिले तरी भाग आतच राहतो. मग वाटी बाहेर सरकते, गुडघा पुढून दुखतो, जिना चढता-उतरताना तर फारच. म्हणून एका रेघेवर विसंबू नये, दोन-तीन ताडून बघाव्यात असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशनच्या टेबलावर मात्र आतला खळगा मऊ ऊतींखाली दडलेला असतो, बोटाने चाचपत शोधावा लागतो आणि दोन सर्जन त्याच हाडावर वेगवेगळ्या जागी खूण करतात. सीटीत कूर्चाही दिसत नाही, पण ऑपरेशनमधलं गाइड, म्हणजे हाड कुठे कापायचं ते दाखवणारं साधन, तर उरलेल्या कूर्चावरच टेकतं, त्यामुळे स्कॅनवरचा आकडा जसाच्या तसा हाडावर उतरत नाही.

ऑपरेशननंतरही दुखत राहिलं तर पुन्हा सीटी काढतात, धातूच्या मागच्या कडांची रेघ एपिकॉन्डायलर अक्षाशी ताडतात, आणि वळण चुकलंय हे तिथे कळतं.