द्राक्षांचा रंग व सूर्यप्रकाश

द्राक्षे पिकताना मण्यांच्या सालीत रंगद्रव्ये तयार होण्यावर ऊन आणि सावली यांचा होणारा परिणाम. मण्यांत पाणी उतरू लागले, म्हणजे ते पिकू लागले, की ते मऊ पडतात, हरितद्रव्य कमी होते आणि लाल-काळ्या वाणांच्या सालीत ॲंथोसायनिन ही रंगद्रव्ये साठू लागतात. बहुतेक वाणांत रंग सालीपुरताच असतो, गर बिनरंगीच राहतो.

उन्हाने द्राक्षे रंगतात ही समजूत अर्धीच खरी आहे. उन्हाबरोबर उजेड येतो तशी उष्णताही येते आणि रंगाच्या बाबतीत दोघांची दिशा उलटी आहे. उजेडामुळे रंगद्रव्ये घडवणारी जनुके व विकरे अधिक कार्यरत होतात. मात्र मण्याचे तापमान सुमारे ३५° से. च्या वर गेले की नवा रंग बनणे मंदावते आणि बनलेलाही नष्ट होऊ लागतो. थेट उन्हातला मणी भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशांहूनही अधिक तापू शकतो. म्हणूनच उष्ण प्रदेशात दुपारचे ऊन खाणारे घड फिके राहतात, तर सकाळचे कोवळे ऊन मिळणारे चांगले रंगतात. तेथे पाने काढायची तर सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढणे शहाणपणाचे.

घडावर ऊन पडलेच पाहिजे असेही नाही. शिराझ या वाणाचे घड अपारदर्शक खोक्यांत झाकून ठेवले तरी रंगतात. एम्परर या वाणाला मात्र उजेडाशिवाय नीट रंग येत नाही. घड झाकलेला असला तरी पाने उन्हात असावी लागतात, कारण मण्यांतील साखर तिथूनच येते. झाकलेल्या शिराझमध्ये खरी घट होते ती क्वेर्सेटिनसारख्या फ्लॅव्होनॉलांची. अतिनील किरणांपासून सालीचे रक्षण करणारी ही द्रव्ये उजेडावर फार अवलंबून असतात.

पांढऱ्या वाणांत ॲंथोसायनिनची जनुके चालू करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. त्यामुळे कितीही ऊन मिळाले तरी ती लाल होत नाहीत. सावलीतले घड हिरवे राहतात, उन्हातले पिवळसर ते अंबरी होतात.

ऊन अति झाले की सालीवर तपकिरी चट्टे पडतात. हा रंग नव्हे, भाजणे. लहानपणापासून उघड्यावर वाढलेले मणी तुलनेने तग धरतात. पाणी उतरल्यावर एकाएकी पाने काढून उघडे पाडलेले घड सर्वांत आधी भाजतात.