नवा राउटर, जुना ई-रीडर

घरात फायबरचं कनेक्शन आलं, टीव्ही आणि मोबाईल सुसाट पळू लागले, पण कपाटातून काढलेला जुना किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचा अॅमेझॉनचा ई-रीडर, मात्र अडून बसला, असं पुष्कळ घरांत होतं. यंत्र बिघडलं म्हणून त्याला मोडीत काढायची घाई नको. बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो, आजूबाजूचं नेटवर्कच पुढे निघून गेलेलं असतं.

आधी एवढंच बघायचं, की गाडी कुठे अडते. यादीत तुमच्या वायफायचं नाव दिसतच नाही, की दिसतं पण जोडलं जात नाही, की जोडलं जातं आणि तरी पुस्तक उतरत नाही? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

नाव दिसत नसेल तर संशय लहरींवर घ्यावा. राउटर साधारण २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत बोलतो. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे तो लवकर दमतो. जुन्या ई-रीडरना फक्त २.४ कळतं. किंडल पेपरव्हाइटला ५ गिगाहर्ट्झ जमू लागलं ते २०२१ च्या मॉडेलपासून. त्यामुळे राउटरवर २.४ चा पट्टा बंद असेल, तर जुन्या यंत्राच्या लेखी तुमच्या घरात वायफाय नाहीच. मोबाईलच्या हॉटस्पॉटचंही तेच. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ निवडा, आयफोन १२ आणि पुढच्या फोनांवर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा.

याच पट्ट्यात आणखी एक खोच आहे. २.४ चे पुन्हा चॅनेल पडतात. भारतात १ ते १३ वापरता येतात, अमेरिकेत मात्र १ ते ११ वरच काम चालतं. अमेरिकी नियम समोर ठेवून घडवलेली बरीच जुनी यंत्रं १२ आणि १३ कडे ढुंकूनही बघत नाहीत. राउटर 'ऑटो'वर असला आणि शेजाऱ्यांची गर्दी टाळत १३ वर जाऊन बसला, की काल दिसणारं नाव आज गायब! मुलाने अमेरिकेहून आणलेल्या ई-रीडरच्या बाबतीत हे आधी तपासा. चॅनेल १, ६ किंवा ११ वर कायमचा ठेवला की झालं. २० मेगाहर्ट्झच्या रुंदीवर हे तिघे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

नाव दिसतं पण जोडणी होत नाही, तेव्हा आधी पासवर्डच पुन्हा टाकावा. डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत पासवर्ड हवेतून कधीच पाठवला जात नाही. तो आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून त्यावर ४०९६ वेळा गणित चालवतात आणि त्यातून किल्ली तयार होते. मग दोन्ही बाजूंनी आपापली किल्ली तीच असल्याचं एकमेकांना पटवायचं. एक अक्षर चुकलं तरी किल्ली पूर्ण वेगळी निघते, आणि कुठलं अक्षर चुकलं हे राउटरलाही कळायला मार्ग नसतो. म्हणून पडद्यावर नुसतंच 'जोडता आलं नाही' असं मोघम उत्तर येतं. त्यात ई-इंकच्या, म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या पडद्यावरचा कीबोर्ड संथ. 'O' आणि '0' मध्ये घोळ ठरलेलाच. पासवर्ड बरोबर असूनही अडलं, तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ वर आहे का बघा. हे मानक २०१८ चं, त्याआधीच्या यंत्रांना ते ठाऊक नाही. डब्ल्यूपीए-२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडावा.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. वायफायची खूण पूर्ण दिसते, पण यंत्रातलं पुस्तकांचं दुकान उघडत नाही. रेल्वे स्थानकाच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर ओटीपीचं पान अडकलेलं असतं. ई-रीडरच्या अडाणी ब्राउझरवर ते भरत बसण्यापेक्षा स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट बरा. घरी असं झालं तर घड्याळ बघा. महिनोन्महिने चार्ज न केलेल्या यंत्राची तारीख कधीकधी मागे जाते. सर्व्हरचं ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेट, ठरावीक तारखांच्या दरम्यानच वैध असतं. यंत्राच्या हिशेबाने आज १९७० साल असेल, तर समोरचं अस्सल ओळखपत्रही त्याला अवैध वाटतं आणि ते दार लावून घेतं.

उलटही होतं: तारीख बरोबर, पण ओळखपत्रावर कुणाची सही असली की विश्वास ठेवायचा, ही यंत्रातली यादीच जुनी. २०१६ मध्ये अॅमेझॉनने जुन्या किंडलना २२ मार्चपर्यंत सॉफ्टवेअर अपडेट करायला सांगितलं होतं. ज्यांचं राहिलं, त्यांच्या किंडलला वायफायवरून ते घेता येईना. अशा वेळी कंपनीच्या साइटवरून नेमकी आपल्या मॉडेलची फाइल संगणकावर उतरवायची, केबलने किंडलच्या सगळ्यात बाहेरच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि सेटिंग्जमधून अपडेट चालवायचं.

पुस्तकांसाठी मात्र केबलचा हा आडमार्ग अरुंद झालाय. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलवर टाकायची सोय अॅमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ ला बंद केली. स्वतःजवळच्या फाइली केबलने अजूनही टाकता येतात.