वैद्यकीय प्रतिलेखन : अस्पष्ट संज्ञांचा उलगडा

डॉक्टरांनी बोलून ध्वनिमुद्रित केलेला रुग्णवृत्तांत ऐकून तो टंकलिखित करण्याच्या कामास वैद्यकीय प्रतिलेखन, रूढ भाषेत मेडिकल ट्रान्सक्रिप्शन, म्हणतात. ध्वनिमुद्रणात नीट ऐकू न आलेली, घाईत गिळली गेलेली किंवा दुसऱ्या शब्दासारखी वाटणारी संज्ञा निश्चित करणे हा या कामाचा सर्वांत अवघड भाग होय. हा व्यवसाय मुख्यतः अमेरिकेत वाढला. १९९० च्या दशकापासून त्यातील बरेच काम भारतात होऊ लागले.

उगम : प्रतिलेखनाचा आरंभ कोठून मानावा याबाबत एकमत नाही. काही जण तो एडिसनच्या फोनोग्राफ या ध्वनिमुद्रण यंत्राशी (१८७७) जोडतात. एडिसनने १८७८ मध्ये या यंत्राच्या संभाव्य उपयोगांची यादी दिली, तीत लघुलेखकाविना पत्रे व मजकूर सांगण्याची सोय पहिल्या क्रमांकावर होती. मजकूर बोलून मुद्रित करण्याच्या यंत्राचे ‘डिक्टाफोन’ हे व्यापारचिन्ह १९०७ चे आहे. तथापि रुग्णालयात यंत्र असणे आणि तेथे प्रत्येक रुग्णाची व्यवस्थित नोंद ठेवण्याची सक्ती असणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या शल्यविशारदांच्या संघटनेने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, साधारणपणे १९१७–१९ च्या दरम्यान, रुग्णालयांसाठी किमान मानके ठरवली तेव्हाचा. त्यांत अचूक व संपूर्ण रुग्णनोंदींचा आग्रह होता. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रस्तुत विषयापुरते मात्र यंत्राचे महत्त्व कमी लेखता येत नाही. लघुलेखिका डॉक्टरांसमोर बसत असे, तोवर न कळलेला शब्द तिथल्या तिथे विचारता येत होता. ध्वनिमुद्रण आले, बोलणारा व लिहिणारा दुरावले आणि अस्पष्ट शब्दाचा उलगडा हे स्वतंत्र कौशल्य झाले. या व्यावसायिकांची अमेरिकन संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली. तिने लेखनशैलीचे नियम एकत्र केले. २००७ मध्ये तिने नाव बदलले, त्यात ‘ट्रान्सक्रिप्शन’ऐवजी आरोग्य-दस्तऐवजांच्या सचोटीचा उल्लेख आला.

समोच्चारी संज्ञा : ‘इलियम’ हा शब्द ऐकून काहीच ठरत नाही. इंग्रजी लेखनात तिसरे अक्षर ‘ई’ असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, ‘आय’ असेल तर कमरेच्या हाडाचा पसरट भाग. उच्चार एकच असल्याने कान निरुपयोगी ठरतो. मोठ्या आतड्याशी जोडणी केल्याचे वाक्य असेल तर आतडे, कलमासाठी हाडाचा तुकडा घेतल्याचे असेल तर हाड. ‘पेरोनियल’ (पायाच्या बाहेरील बाजूचा) व ‘पेरिनियल’ (गुदद्वार व जननेंद्रिय यांमधील भागाचा) यांतही पाऊल लुळे पडल्याची नोंद पहिल्याकडे बोट दाखवते. ‘हायपोटेन्शन’ (कमी रक्तदाब) की ‘हायपरटेन्शन’ (उच्च रक्तदाब) हे जवळच सांगितलेल्या ८०/५० या रक्तदाबावरून कळते.

संदर्भ प्रत्येक वेळी पुरेसा असतोच असे नाही. ‘डिस्फेजिया’ म्हणजे गिळताना त्रास, ‘डिस्फेझिया’ म्हणजे भाषा समजण्यात वा बोलण्यात बिघाड. पक्षाघातानंतर दोन्ही होऊ शकतात. अमेरिकेत दोन्हींची तपासणी वाचा-भाषातज्ज्ञच करतो, त्यामुळे त्याच्याकडे पाठवल्याच्या उल्लेखाने निर्णय होत नाही. पुढे ‘पातळ पदार्थ घट्ट करून द्यावेत’ अशी सूचना आली, तरच पहिली संज्ञा निश्चित धरता येते.

शस्त्रक्रियेच्या वृत्तांतातील ‘मेट्स’ म्हणजे बहुधा नाजूक ऊती कापण्याची मेट्झेनबाउम कात्री, कर्करोगतज्ज्ञाच्या तोंडी तेच कर्करोगाचा प्रसार (मेटास्टॅसिस). त्यामुळे उपकरणांची व टाक्यांच्या धाग्यांची नावे त्याच शल्यविशारदाच्या जुन्या वृत्तांतांशी ताडून पाहणे, ही अनुभवी प्रतिलेखकाची पहिली सवय असते. कोशात शोधतानाही अनुच्चारित अक्षरांची जाण लागते. कमरेतील ‘सोअस’ स्नायू ‘एस’खाली नाही तर ‘पी’खाली सापडतो, ‘टेरिजियम’ (डोळ्यावरील पडद्यासारखी वाढ) हाही ‘टी’खाली नसून ‘पी’खालीच.

औषधे व मात्रा : येथे चूक सर्वांत महाग पडते. ‘लॅमिक्टल’ (अपस्मार) व ‘लॅमिसिल’ (बुरशीसंसर्ग) यांत २५० मिलिग्रॅम ही मात्रा बहुधा दुसऱ्याकडे बोट दाखवते. ‘हायड्रॅलाझिन’ (रक्तदाब) व ‘हायड्रॉक्सिझिन’ (खाज) यांच्या मात्रा मात्र एकमेकींशी जुळतात. तेथे औषध खाजेसाठी की रक्तदाबासाठी हे पाहावे लागते. अमेरिकन औषध प्रशासनाने २००१ पासून अशा जोड्यांतील वेगळी अक्षरे मोठ्या (कॅपिटल) लिपीत छापण्याचा पुरस्कार केला. तो वाचणाऱ्याच्या कामाचा आहे, ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’साठी ‘वन-फाइव्ह’, ‘फाइव्ह-झिरो’ असे अंक सुटे सांगणे हाच खात्रीचा उपाय. पण तो डॉक्टरांच्या हाती आहे.

अलाबामा राज्यातील एका खटल्यात २०१२ मध्ये ज्युरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. भारतात प्रतिलेखन झालेल्या वृत्तांतात इन्सुलिनची मात्रा ८ ऐवजी ८० युनिट पडली होती आणि रुग्ण दगावला होता.

रिकामी जागा : मजकूर पुन्हा ऐकणे, वेग कमी करून ऐकणे, पुढचा भाग ऐकून मग मागे येणे, कोश व औषधसूची पाहणे एवढे करूनही शब्द लागला नाही, तर तेथे ब्लँक सोडून ध्वनिमुद्रणातील वेळ नोंदवायची व वृत्तांत क्यूएकडे, म्हणजे गुणवत्ता-तपासनिसाकडे, पाठवायचा, असा संकेत आहे. जुळेलसा शब्द बसवणे हा सर्वांत गंभीर दोष मानला जातो. येथे व्यवहार आणि तत्त्व यांत ताण पडतो. मोबदला बहुधा ६५ अक्षरांच्या ओळीवर ठरतो आणि ब्लँक जास्त झाले की कामाचा दर्जा कमी धरला जातो, म्हणून नवखा माणूस अंदाजाकडे झुकतो. चांगल्या केंद्रात ब्लँक सोडल्याबद्दल शिक्षा होत नाही, तपासनिसाने भरलेला शब्द परत पाठवून त्याचे कारण सांगितले जाते. माणूस घडतो तो त्यातूनच.

बोलणे ओळखून आपोआप मजकूर लिहिणारी वाक्-अभिज्ञान प्रणाली आल्यावर प्रतिलेखकाचे काम बरेचसे संपादनाचे झाले. यंत्र बहुधा ब्लँक सोडत नाही, चुकीची संज्ञाही सफाईदार वाक्यात बसवते. परिणामी शंकेची जागा नजरेस पडत नाही आणि संपादकाला लिहिलेले बाजूला ठेवून ऐकावे लागते.

महाराष्ट्रात : मुंबई व पुण्यात अशी केंद्रे व प्रशिक्षणवर्ग निघाले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी वेळेचा फरक साडेनऊ ते साडेदहा तासांचा असल्याने तेथे दिवसभरात सांगितलेला मजकूर येथे रात्रपाळीत उतरत असे. इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदींचा प्रसार झाल्यावर काम घटले आणि अनेक प्रतिलेखक मेडिकल कोडिंगकडे, म्हणजे निदान व उपचारांना ठरावीक संकेतांक देण्याच्या कामाकडे, वळले.