अंग मोकळे करणे (कोल्हापूरच्या तालमीतील)

सांधे पुरते हलावेत आणि आखडलेले स्नायू सैल व्हावेत म्हणून अंगाला ताण देण्याचा व्यायाम. तालमीत तो वेगळा काढून शिकवत नाहीत. हौदातली (कुस्तीच्या आखाड्यातली) माती खोऱ्याने उकरणे, जोर, बैठका, मानेची मेहनत आणि शेवटचे मालिश यांतच तो मुरलेला असतो.

जोर कोठून आला याविषयी एकमत नाही. ‘जोर’ हा शब्द फारसी आहे. संस्कृत वळणाचा शब्द ‘दंड’. इराणच्या जुरखान्यात (पारंपरिक व्यायामशाळेत) ‘शेना’ हा जोराशी मिळताजुळता व्यायाम असल्याने हा प्रकार तिकडून आला असावा, असे एक मत आहे. मात्र कुस्ती, पहिलवान, वस्ताद, तालीम, मेहनत, हौद हे शब्दही फारसी-अरबीच आहेत. त्यांवरून दरबारी भाषेचा प्रभाव तेवढा सिद्ध होतो, मल्लविद्येचा उगम नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द सुमारे ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम अशी मल्लांच्या सरावाची नावे येतात. कोल्हापूरचे शिलाहार त्या काळी चालुक्यांचे मांडलिक होते, त्यामुळे ही परंपरा या भागाला परकी नसावी. स्तंभश्रमात मल्लखांबाचे पूर्वरूप पाहता येते. जोर मात्र या नावांतून ओळखू येत नाही. तरीही व्यायाम येथलाच व नाव मागाहून आलेले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय केलेल्या सूर्यनमस्काराशी जोराचे साम्य उघड आहे.

जोर काढताना हातपाय जमिनीला, कंबर उंच. टाचा खाली दाबल्या की पिंढऱ्या व मांडीची मागची बाजू ताणली जाते. मग छाती दोन्ही हातांमधून जमिनीलगत पुढे सरकते, मान वर उठते, पोट आणि कमरेची पुढची बाजू ताणते, पुन्हा मागे. ताकद आणि ताण एकाच हालचालीत साधणारी ही रचना असामान्य आहे.

ताणाने स्नायू लांबतो असे पूर्वी मानत. अलीकडचे संशोधन सांगते, की काही आठवड्यांच्या सरावाने वाढते ती मुख्यतः ताण सोसण्याची तयारी. झटका दिला की स्नायूतील तर्कू (ताण ओळखणारे सूक्ष्म संवेदक) प्रतिक्षेपाने तोच स्नायू आवळतात. म्हणून सावकाश ताणून १०–३० सेकंद धरावे, असे २–४ वेळा करावे. लढतीआधी एकच स्नायू ६० सेकंदांहून अधिक ताणून धरला, तर त्याची ताकद तात्पुरती थोडी घटते. आधी माती उकरून घाम काढायचा हा तालमीतला क्रम त्या दृष्टीने योग्यच. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या लॅक्टिक आम्लाने नव्हे, तर स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजेने. हे दुखणे २४–७२ तासांत सर्वाधिक असते व ताण दिल्याने फारसे उतरत नाही. पिंढरीत गोळा आला असता मात्र पंजा हळूहळू नडगीकडे ओढल्याने लगेच आराम पडतो. कमरेतून पायात कळ किंवा मुंग्या उतरत असतील तर ताणू नये, डॉक्टरांना दाखवावे.

राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) आश्रयाने येथील तालमी भरभराटीला आल्या. कुस्तीचे खासबाग मैदान १९१२ मधले. मेहनत संपली की पहिलवान पालथा पडतो आणि तालमीतले एखादे पोर त्याच्या मांड्यांवर उभे राहून, भिंतीचा आधार घेत, टाचेने त्या तुडवून देते.