फोटोत न दिसणारी टाळू

देणगीच्या आवाहनात दोन फोटो शेजारी-शेजारी असतात. एकात नाकापर्यंत दुभंगलेल्या ओठाचं बाळ, दुसऱ्यात तेच बाळ ओठ शिवल्यावर. १९८२ मध्ये सुरू झालेली ऑपरेशन स्माइल ही संस्था असो की १९९९ मधली स्माइल ट्रेन, लोकांनी दिलेल्या पैशांतून असंख्य मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि ते काम मोलाचंच आहे. पण ओठाबरोबर अनेक बाळांची टाळू, म्हणजे तोंडाचं आतलं छत, तेही दुभंगलेलं असतं. ती फोटोत येत नाही, आणि मूल पुढे स्पष्ट बोलणार की नाही हे तिच्यावरच ठरतं.

आधी ग्रहणाबद्दल. गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असं अजूनही सांगतात आणि सगळा दोष आईच्या माथी मारतात. वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. सातव्या महिन्यात अंधाऱ्या खोलीत उपाशी बसवलेल्या बाईच्या बाळाचा ओठ कित्येक महिन्यांपूर्वीच घडून गेलेला असतो! जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात ही जुळणी चुकते. त्यात जनुकांचा वाटा असतो, आईचं धूम्रपान आणि फिट्सवरची काही औषधं धोका वाढवतात, आणि बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही.

आता टाळू. जिभेचं टोक टाळूवरून मागे न्या. पुढे हाड लागतं, मागे मऊ भाग. या मऊ भागात डावीकडून आणि उजवीकडून येणारे दोन स्नायू मध्यावर एकमेकांत मिसळून आडवी झोळी करतात. ‘काका’ म्हणताना ही झोळी मऊ टाळूला वर-मागे उचलून घशाच्या भिंतीला टेकवते आणि नाकाची वाट बंद होते. क, ट, त, प यांना तोंडात हवेचा दाब लागतो; तो तेव्हाच साठतो. म, न, ण यांना मात्र वाट उघडीच हवी.

दुभंगलेल्या टाळूत हेच स्नायू मध्यावर भेटत नाहीत. ते पुढे वळून हाडाच्या मागच्या कडेला चिकटलेले असतात, त्यामुळे आकुंचन पावले तरी टाळू उचलली जात नाही. नुसतं वरचं आवरण शिवून फट बुजवली, तर टाळू अखंड दिसते आणि मूल गेंगाणंच बोलतं. म्हणून सर्जन स्नायू हाडापासून सोडवतात, मागे फिरवतात आणि मध्यावर एकमेकांना जोडतात. फर्लो पद्धतीत दोन थरांत उलटसुलट ‘झेड’ आकाराचे छेद घेतात. स्नायू आडवे होतात, शिवाय टाळूची लांबीही वाढते. टाक्यांवर ताण आला तर कठीण आणि मऊ टाळूच्या सांध्यापाशी छिद्र राहतं, दूध नाकातून येतं.

हे कधी करावं? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या २३ केंद्रांतली ५५८ बाळं होती. सगळी अन्यथा निरोगी, फक्त टाळू दुभंगलेली. पाचव्या वर्षी तपासलं तेव्हा सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८.९ टक्के मुलांची नाकाची वाट नीट बंद होत नव्हती. बाराव्या महिन्याच्या गटात १५ टक्के. पण सहाव्या महिन्यात भूल द्यायची तर बाळाचं वजन हवं, आणि अशा बाळाला ओढून दूध पिता येत नाही. दूध काढून, बाळाला उभं धरून, बोंडल्यानं किंवा चमच्यानं थोडं थोडं पाजावं, मध्ये मध्ये ढेकर काढावी. कानही तपासावेत, टाळूचे स्नायू कानाची नळी उघडतात, ते बिघडले की पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येतं.

दाब साठत नाही म्हणून मूल ‘क’, ‘प’ घशातच अडवून काढायला शिकतं. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी ही सवय आपोआप जात नाही. त्यासाठी वाचा-उपचार लागतात, महिनोन्‌महिने. एक सोपी तपासणी आहे: नाकपुडीखाली थंड आरसा धरून मुलाला ‘काका’, ‘पोपट’ म्हणायला लावा. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. (‘मामा’ म्हणवू नका, त्यात वाफ सगळ्यांचीच धरते.)

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू समाविष्ट आहेत, त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी सरकारी वाटही आहे. देणगी देणाऱ्यांनी संस्थेला किती ओठ शिवले एवढंच विचारू नये. किती मुलांचं बोलणं पाचव्या वर्षी तपासलं, वाचा-उपचारतज्ज्ञाचा पगार कोण देतं आणि गावाहून दर पंधरवड्याला येणाऱ्या आईचं एसटीचं भाडं कुठून निघतं, हेही विचारावं.