नाऊरू : आधी फॉस्फेट, मग मान्यता
१५ जानेवारी २०२४ रोजी प्रशांत महासागरातल्या नाऊरू या बेटराष्ट्राने तैवानशी संबंध तोडून चीनला मान्यता दिली. तैवानच्या अध्यक्षपदी लाई छिंग-ते निवडून येऊन दोनच दिवस झाले होते. २००२ मध्येही नाऊरू चीनकडे गेला होता आणि २००५ मध्ये तैवानकडे परतला होता. अशा मान्यतेच्या बदल्यात आर्थिक मदत मिळते, त्यामुळे ‘पैशासाठी कोलांटउडी’ असा शेरा लगेच मारला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. २१ चौरस किलोमीटरच्या, जेमतेम बारा हजार वस्तीच्या या देशाकडे विकण्याजोगं जे होतं, ते इतरांनी आधीच नेलं आहे.

सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दाराला अडसर म्हणून नाऊरूचा एक दगड ठेवलेला असे. त्या कंपनीतल्या अल्बर्ट एलिस यांनी तो तपासला तेव्हा ते उत्तम प्रतीचं फॉस्फेट, म्हणजे खतासाठी लागणारं खनिज, निघालं. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियाने घेतलं आणि पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तिघांनी मिळून खाणी चालवल्या. त्या खतावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची शेतं स्वस्तात पिकली. नाऊरूवासीयांच्या हाती किरकोळ मोबदला पडला.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सुमारे १२०० नाऊरूवासीयांना प्रशांत महासागरातल्याच ट्रुक बेटांवर हलवलं. उपासमार, रोगराई आणि बॉम्बहल्ल्यांतून वाचलेले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी मायदेशी परतले. बावीस वर्षांनी स्वातंत्र्यासाठी मुद्दाम तीच तारीख निवडली गेली. त्याआधी, खाणकामामुळे बेट राहण्याजोगं उरणार नाही म्हणून, ऑस्ट्रेलियाने सगळ्यांना क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर वसवण्याचा प्रस्ताव दिला होता. तिथे आपलं स्वतंत्र राष्ट्र उरणार नाही, हे पाहून नाऊरूचे नेते हॅमर डीरोबर्ट यांनी नकार दिला. माझ्या मते नाऊरूच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय.

स्वातंत्र्यानंतर खाणी स्वतःच्या झाल्या. काही वर्षं दरडोई उत्पन्न जगातल्या श्रीमंत देशांच्या पंक्तीत जाऊन बसलं, मेलबर्नमध्ये ५२ मजली नाऊरू हाऊस उभं राहिलं. पुढे साठा आटला आणि गुंतवणुकीत पैसा बुडाला, त्यात राज्यकर्त्यांचाही दोष होताच. बेटाचा मधला बहुतेक भाग आज चुनखडीच्या उघड्या सुळक्यांचा आहे. तिथे शेती होत नाही, घर बांधता येत नाही. वस्ती किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात दाटली आहे. या नासाडीबद्दल नाऊरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९३ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली.

२००१ मध्ये ‘टॅम्पा’ या नॉर्वेजियन जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या ४३३ निर्वासितांना ऑस्ट्रेलियाने आपल्या भूमीवर उतरू दिलं नाही. त्यांतल्या अनेकांना नाऊरूत ठेवलं गेलं आणि तेव्हापासून ऑस्ट्रेलियाच्या खर्चाने चालणारी निर्वासितांची छावणी हे नाऊरूच्या उत्पन्नाचं मोठं साधन झालं. ती २००८ मध्ये बंद झाली, २०१२ मध्ये पुन्हा उघडली.

चीनशी संबंध जुळल्यावर ऑस्ट्रेलियाही हलला. डिसेंबर २०२४ च्या करारानुसार तो नाऊरूच्या अंदाजपत्रकाला पाच वर्षांत १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देणार आहे. त्या बदल्यात सुरक्षा, बँकिंग आणि दूरसंचार या क्षेत्रांत तिसऱ्या देशाला प्रवेश द्यायचा, तर नाऊरूला आधी कॅनबेराची, म्हणजे ऑस्ट्रेलियन सरकारची, संमती घ्यावी लागेल.